गुरुदत्तरावांचा साक्षांकित चेहरा

माझे मेहुणे गुरुदत्तराव टीव्हीवर नट झाले असते तर कोणाला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. त्यांना स्वतःला नाव, उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालायचा अधिकार आणि रस्त्यात वळून बघणारी माणसं. त्यांच्या आईला, म्हणजे माईंना, 'मी तरी केव्हाची म्हणतेय' हे वाक्य उरलेलं आयुष्यभर वापरायची मुभा. माझ्या धाकट्या बहिणीला, कुमुदिनीला, हळदीकुंकवात पंख्याखालची जागा. आणि मला? मला मिळणार होती पाच माणसं, एक हार्मोनियम आणि माईंची कुंडीतली तुळस.

त्याचं असं. गुरुदत्तराव अंबरनाथला आमच्याच केमिकल कंपनीत स्टोअर्सचे प्रमुख. राहायला कंपनीच्या कॉलनीत क्वार्टर. नोकरी सोडली की क्वार्टर सोडायचं, हा नियम मला पाठ, कारण मी त्याच कंपनीच्या अकाउंट्समध्ये. मग ते, कुमुद, माई आणि दोन मुलं जाणार कुठे? त्यांचं घर कोकणात, आणि तिथून शूटिंगला येता येत नाही. उरलो आम्ही. बदलापूरला कात्रपमध्ये दोन खोल्या, त्यातल्या एकीलाच खिडकी. एका रविवारी मी टेप घेऊन पलंगाखालची जागा मोजली. हार्मोनियम बसत होतं. माणसांचं काही जमेना.

ही सगळी आग लावली कंपनीच्या नाट्यस्पर्धेने. गुरुदत्तरावांनी इन्स्पेक्टरचं काम केलं आणि त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला मुंबईहून मालिकांच्या धंद्यातले एक पाहुणे आले होते. टीव्हीवर मालिका नव्यानेच सुरू झाल्या होत्या, त्यामुळे त्या धंद्यातला माणूस म्हणजे आम्हाला साक्षात्कारच. जाता जाता पाहुणे म्हणाले, "छान करता हो. तुमचे फोटो पाठवून द्या आमच्या ऑफिसात." मुंबईची माणसं हे वाक्य 'या एकदा घरी' अशा चालीवर म्हणतात. गुरुदत्तरावांनी ते ऑर्डर म्हणून घेतलं. तीन फोटो: एक समोरून, एक बाजूने, एक उभा. ते पसंत पडले की राजीनामा. राजीनाम्याचा मसुदा त्यांनी त्याच रात्री लिहून ठेवला. फक्त तारीख मोकळी.

"दादा, तू बोल ना ह्यांच्याशी," कुमुद मला म्हणाली.

आता हे बोलणं दिसतं तितकं सोपं नाही. बहिणीचा नवरा म्हणजे आमच्याकडे जावई. वयाने चार वर्षांनी लहान असला तरी 'अहो गुरुदत्तराव'. जावयाला आग्रह करता येतो, सल्ला देता येत नाही. मी फार तर एवढंच म्हणू शकलो, "अहो, जरा विचार करून..."

"विचार झालाय, मधुकरराव," ते म्हणाले. "आता फक्त चेहरा राहिलाय."

चेहऱ्यासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंद नावाच्या सिंधी गृहस्थाचा स्टुडिओ होता. अंबरनाथ, बदलापूर, अगदी वांगणीपर्यंत ज्या मुलींची लग्नं जमत नसत, त्या टेकचंदकडे फोटो काढायला जात आणि जमत, अशी त्याची ख्याती. लग्नानंतर नवऱ्यांचं काय होई, ते टेकचंद बघत नसे.

त्याने गुरुदत्तरावांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला विचारलं, "लड़का क्या करता है?"

"लड़का नाही, एकोणचाळीस वर्षांचे आहेत. दोन मुलं आहेत."

"अच्छा, दूसरी शादी." त्याने मान हलवली. "वरी साईं, फिकर नहीं."

गुरुदत्तरावांनी त्याला अभिनय म्हणजे काय ते समजावलं. नऊ रस सांगितले. टेकचंदने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातात प्लॅस्टिकचं फूल दिलं. गुरुदत्तरावांनी ते ठेवून दिलं आणि पडद्यावरच्या काश्मीरच्या सरोवरासमोर क्रोध केला.

"गुस्सा?" टेकचंद कॅमेऱ्यामागून बाहेर आला. "साईं, गुस्से वाला फोटो देख के कौन हाँ बोलेगा?"

"मला नवरी नकोय हो! काम हवंय! अॅक्टिंग!"

"अॅक्टिंग, शादी, एक ही बात है. सामने वाले को हाँ बोलने का है." असं म्हणून त्याने गुरुदत्तरावांची हनुवटी दोन बोटांनी धरून डावीकडे फिरवली, जशी आपण पंख्याची जाळी फिरवतो.

समोरून आणि बाजूने, असे दोन फोटो सरोवराकाठी झाले. तिसरा, उभा, मोकळ्या हवेत हवा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी टेकचंदला स्कूटरवर घालून अंबरनाथला आणलं, जुन्या शिवमंदिराच्या अलीकडच्या मैदानात. तिथे विष्णुपंत आधीच हजर. विष्णुपंत म्हणजे कॉलनीतले शेजारी, कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"दोन्ही कान दिसले पाहिजेत," ते म्हणाले. "एक कान दिसला तर अर्ज बाद."

"हा अर्ज नाहीये, पंत," मी म्हटलं.

"प्रत्येक फोटो हा अर्ज असतो, मधू."

ऊन एका बाजूने येत होतं, म्हणून दुसऱ्या गालावर उजेड पाडायला टेकचंदला काहीतरी पांढरं, मोठं हवं होतं. माईंच्या सगळ्या चादरींवर मोर होते. शेवटी विष्णुपंतांचं धुऊन नीळ दिलेलं धोतर आलं. ते दोन्ही हात पसरून धरायचं काम माझ्याकडे. का? तर जावई उभे राहणार, पंत वयाने मोठे आणि टेकचंदचे हात कॅमेऱ्यात. हिशेबात उरणारी रक्कम नेहमी माझ्याच खात्यावर पडते.

मी धोतर धरून उभा. वारा सुटला. टेकचंद ओरडतोय, "साब, थोड़ा पीछे! और पीछे! बस!" आणि गुरुदत्तराव, कॅमेऱ्याकडे तेजस्वी नजर लावून, ओठ न हलवता मला म्हणाले, "मधुकरराव, मी कालच माईला म्हटलं. क्वार्टर सोडताना हार्मोनियम आधी तुमच्याकडे हलवू. मग माणसं."

धोतर माझ्या हातातून एका बाजूने सुटलं. मी त्याच्यामागून पूर्ण बाहेर आलो. टेकचंदने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. धोतर पुढे बाभळीला अडकलं आणि काठाशी टरकलं, पण त्याची चर्चा सावकाश झाली आणि पुष्कळ दिवस झाली.

टेकचंदचा खरा धंदा फोटो काढण्याचा नव्हताच. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरा 'बनवणं' हा त्याचा धंदा, आणि त्याचा भाव चेहऱ्यागणिक. कोठडीतून माणूस सोडवायला गेलं की पोलीस जसं विचारतात, तसं त्याने मला विचारलं, "तीसरे फोटो में दो फेस है. दूसरा भी बनाऊँ?"

दुसरा फेस म्हणजे मी. आजवर मी ह्या चेहऱ्यावर दाढीच्या साबणापलीकडे काही खर्च केलेला नाही. "राहू दे आहे तसा," म्हटलं.

"तो निकाल दूँ? निकालने का अलग."

"राहू दे!"

फोटो आले त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये निवड समिती बसली. माई, विष्णुपंत, कुमुद, मी आणि हातात भिंग घेतलेले स्वतः उमेदवार. टेकचंदने कमाल केली होती. गुरुदत्तरावांच्या गालावरचे देवीचे व्रण गेले होते. दुसरी हनुवटी गेली होती. टक्कल जिथे सुरू होतं तिथे आता दाट, ओला भांग होता. मिशी पेन्सिलीने कोरलेली होती, म्हणजे अक्षरशः. समोर एक पंचविशीतला, पगारवाढीची वाट बघणारा, गोरा मुलगा होता.

"नवरदेव दिसतोय गं बाई माझा," माईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी तरी केव्हाची म्हणतेय."

"कान दोन्ही आहेत," विष्णुपंतांनी नोंद केली. "बाजूच्यात एकच आहे. तो बाद."

कुमुदने समोरचा फोटो बराच वेळ हातात धरला. "छान आलाय," ती म्हणाली. "पण ह्यांना मी कुठे पाहिलेलं नाही."

गुरुदत्तरावांनी तो आपला गौरव समजून घेतला. ती चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो, तर ती फडताळातल्या डब्यांकडे बघत उभी होती. "दादा, तुमच्या स्वयंपाकघरात माझे हे डबे मावतील का रे?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मावतील." दुसरं काय म्हणणार?

आता फोटो पाकिटात घालायचे आणि पेटीत टाकायचे, एवढंच राहिलं होतं. पण विष्णुपंतांनी पाकीट धरून ठेवलं.

"साक्षांकित केले?"

"काय?"

"अहो, ऑफिसात जाणारा फोटो राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याशिवाय जातो का कुठे? उद्या तिथला साहेब म्हणेल, हा फोटो तुमचाच कशावरून? साक्षांकित नसला तर ते नुसतं चित्र."

मालिकेच्या ऑफिसला सहीशिक्का लागत नाही, हे आमच्यापैकी एकालाही ठामपणे सांगता येईना. आपल्यासारख्यांचं हे असं आहे. शिक्का नको असं आपल्याला आजवर कोणी सांगितलेलंच नसतं. एका रविवारी विष्णुपंतांच्या वहीतले सगळे राजपत्रित अधिकारी पालथे घातले. एक बदलून गेलेले, एक रजेवर, एक देवाघरी. उरले बदलापूरच्या गुरांच्या दवाखान्यातले पशुवैद्यकीय अधिकारी.

सोमवारी सकाळी, अर्धी रजा टाकून, गुरुदत्तराव आणि मी त्यांच्या रांगेत उभे राहिलो. आमच्यापुढे दोन शेळ्या आणि चिखलोलीचे कोंडाजी म्हणून एक शेतकरी, सोबत म्हैस. कोंडाजींनी गुरुदत्तरावांच्या हातातला फोटो वाकून पाहिला.

"पोऱ्या लय झ्याक हाय. काय दुकतंय त्याचं?"

"तो मी आहे," गुरुदत्तराव म्हणाले.

कोंडाजींनी एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "फोटू काडायचा म्हनून आमी बी हिच्या शिंगांना त्याल लावतो," ते म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "पन म्हस तीच ठेवतो."

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी हात धुतले, शिक्का काढला, समोरचा फोटो घेतला आणि शिक्का हवेतच राहिला.

"हे चिरंजीव का?"

"मीच तो."

"पाहा," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मी रोज जनावरांच्या खाणाखुणा पाहून दाखले देतो. खूण जुळली नाही तर मी बैलालासुद्धा सही देत नाही." बाजूचा फोटोही त्यांनी परत केला. मग तिसरा घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हं! ह्यातला हा मागचा, धोतरातून निघालेला माणूस, तो मात्र इथे माझ्यासमोर उभा आहे. ह्याच्याबद्दल मी लिहून देतो."

आणि त्यांनी तो गोल जांभळा शिक्का बरोबर माझ्या छातीवर उमटवला. पूर्ण, ठसठशीत, नियमाप्रमाणे. खाली लपेटदार सही.

"आता बाकीचे दोन ग्राह्य नाहीत," विष्णुपंतांनी संध्याकाळी निकाल दिला. "शिक्का आहे तोच पाठवा." गुरुदत्तराव कुरकुरले, पण तिसऱ्या फोटोत ते पूर्ण उंचीचे होते, आणि मला कोण बघणार आहे, असं त्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं. फोटोच्या मागे त्यांनी आपलं नाव, पत्ता, आवड हे सगळं वळणदार अक्षरांत लिहिलं आणि पाकीट पेटीत पडलं.

मी निर्धास्त होतो. शिक्क्यात 'पशुवैद्यकीय' हा शब्द ठळक होता. असा फोटो बघून कोण बोलावणार?

दोन आठवड्यांनी बोलावणं आलं. 'आपला फोटो एका भूमिकेसाठी योग्य वाटतो. रविवारी भेटावे.'

माईंनी साखर वाटली. कॉलनीतून बारा घरी निरोप गेला. शुक्रवारी गुरुदत्तरावांनी राजीनाम्यावर तारीख घातली आणि माझ्या टेबलासमोरून, माझ्याकडे क्षमाशील नजरेने बघत, पर्सोनेल विभागात गेले. मी उभा राहिलो. बसलो. आकडे जुळेनात.

पाऊण तासाने ते परत आले. कागद हातातच.

"घेतला नाही," ते म्हणाले. "तो चंदू म्हणतो, तीन प्रती हव्यात."

पर्सोनेलचा चंदू म्हणजे काम टाळण्यातला साधक. पण त्या दिवशी मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्याने सांगितलं होतं की प्रती टाइप करा, शिवाय स्टोअर्सचा चार्ज द्या, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह, पाइप आणि गॅस्केट मोजून, यादीवर दोघांच्या सह्या. "आणि आज शुक्रवार आहे साहेब," तो म्हणाला होता. "सोमवारी बघू ना."

रविवारी आम्ही दोघे दादरला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. मी का? जावई एकटे जाऊ नयेत म्हणून. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फोटो उचलला, गुरुदत्तरावांकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"मी गुरुदत्त. फोटोतला."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "हा पुढचा? हा तर कुठल्या पावडरीच्या जाहिरातीतून कापून चिकटवलाय असं वाटलं आम्हाला. आम्ही ह्यांना बोलावलंय," आणि त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "शिक्का ह्यांच्यावर आहे ना? ह्यांना का नाही आणलंत?"

"मी आलोय," दारातून मी म्हटलं.

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, या ना! सीन असा आहे. संवाद नाही. दोन खोल्यांचं घर. दार वाजतं. हा माणूस दार उघडतो, तर सगळे नातेवाईक सामानसुमान घेऊन कायमचे राहायला आलेत. बस्, एक एक्स्प्रेशन. महिनाभर नट बघतोय, कोणाला जमत नाही. तुमच्या ह्या फोटोत ते अगदी तयार आहे! करा बरं."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. पण काय होतं, बाईंनी गुरुदत्तरावांना नकार दिला त्या क्षणी माझ्या दोन खोल्या मला परत मिळाल्या होत्या. क्वार्टर राहिलं. कुमुदचे डबे फडताळात राहिले. तुळस कुंडीत राहिली. माझ्या छातीतून जे काही सुटत होतं, ते थेट चेहऱ्यावर येत होतं.

"हसू नका," बाई म्हणाल्या.

"नाही हसत."

"हसताय. समजा, पाच माणसं आलीत घरी."

मला आणखीच हसू फुटलं.

"फोटोत तर असे नव्हतात हो तुम्ही!" बाई वैतागून वळल्या, आणि वळल्या त्या तशाच थांबल्या. गुरुदत्तराव भिंतीला टेकून उभे होते. घामाने भांग मोडून टक्कल उघडं पडलं होतं, देवीचे व्रण खिडकीच्या उजेडात स्पष्ट दिसत होते, दुसरी हनुवटी छातीवर टेकली होती, आणि चेहऱ्यावर, माणूस आपल्याच घराच्या दारात लुटला जावा, असा भाव होता.

"हलू नका!" बाई ओरडल्या. "हेच! अहो, हा चेहरा होता तर फोटो दुसऱ्या कोणाचा पाठवलात?"

माझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते पाहायला मात्र कोणी मागे वळलं नाही.

पण देव आहे. चंदूने राजीनामा आणखी एक सोमवार पुढे ढकलला, आणि त्या पुढच्या रविवारी गुरुदत्तराव शूटिंगला गेले. सकाळी आठला उभं केलं, संध्याकाळपर्यंत तेच दार उघडत होते. कधी लाइट गेला, कधी कावळा ओरडला, कधी पाहुण्यांतली एक बॅग पडली. खुर्ची कोणी दिली नाही. 'अहो' कोणी म्हटलं नाही, 'ओ दरवाजा' अशी हाक मारत होते. घरी आले ते पाय गरम पाण्यात घालून बसले.

सोमवारी मी मुद्दाम स्टोअर्समध्ये गेलो. गुरुदत्तराव आपल्या हातवाल्या खुर्चीत बसले होते. समोर कोणीतरी चहा आणून ठेवला होता. एक फोरमन अदबीने उभा राहून व्हॉल्व्ह मागत होता आणि ते त्याला 'थांबा जरा' म्हणत होते.

"राजीनामा टाइप करायचा ना?" मी काळजावर दगड ठेवून विचारलं.

"कसला? हं, तो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मधुकरराव, कलावंताने उपजीविका आणि कला ह्यांची गल्लत करू नये." मसुद्याच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी गॅस्केटची यादी केली होती. मी परत येताना चंदूला दोन वडापाव पाठवले. कशाबद्दल, ते त्याला अजून कळलेलं नाही.

भाग लागायचा त्या संध्याकाळी मी घरी निवांत पेपर वाचत होतो. दार वाजलं. उघडलं, तर गुरुदत्तराव, कुमुद, माई, दोन मुलं, तीन पिशव्या, दोन वळकट्या. कॉलनीत टीव्हीवर मुंग्या येतात आणि आमच्या गच्चीवरचा अँटेना उंच, म्हणून ऐतिहासिक प्रसंग इथेच पाहायचा, मग राहायचंच, आणि नंतर गाणं तर हवंच, म्हणून गुरुदत्तरावांच्या खांद्यावर हार्मोनियम.

माझी बायको मीनल माझ्यामागून हात पुसत आली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा चेहरा दादरला का नाही केलात?"

गुरुदत्तराव टीव्हीवर दिसले ते आमच्या दोन मुलांतल्या धाकट्याने 'ते बघा' म्हणेपर्यंत. आठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मंडळी सकाळी परत गेली, माईंच्या तुळशीला पाणी घालायचं होतं म्हणून. हार्मोनियम राहिलं. ते पलंगाखाली व्यवस्थित बसतं, हे मी आधीच मोजलं होतं.

तर शेवटचा ताळा असा. गुरुदत्तरावांना मिळाला एक चेहरा, स्वतःचाच. माईंना त्यांचं वाक्य. कुमुदला तिचं फडताळ. मला माझ्या दोन खोल्या, वजा हार्मोनियम. विष्णुपंतांचं एक धोतर खर्ची पडलं. आणि बाकी सगळं कोणी भरलं म्हणाल, तर त्या रात्री नऊ माणसांच्या पोळ्या लाटून, स्वतः सगळ्यांत शेवटी जेवायला बसलेल्या मीनलने. तिला तो सीन पाहायलाच मिळाला नाही. तेव्हा ती आत भात उतरवत होती.